महाडचें चवदार तळें आणि लोकसत्तेचा अर्थ

राज्यशास्त्र म्हणजे राजे, मंत्री व सैन्य यांची केवळ मोजदाद नव्हे. आज्ञा कोणीं करावी, कोणत्या अधिकारानें करावी, आणि अन्याय झाल्यास दाद कोठें मागावी, या तीन प्रश्नांचा विचार म्हणजे राज्यशास्त्र होय. कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें सांगितलीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रानें प्रजारक्षणाचा भार राजावर घातला. परंतु या ग्रंथांत प्रजा ही रक्षणाचा विषय आहे, आज्ञेची कर्ती नव्हे. प्रजा कर्ती झाली म्हणजे काय घडतें, हें पाहण्यास रायगडापासून फार दूर जावयास नको. सावित्रीकांठचें जुनें बंदर महाड पुरेसें आहे.

सरकारी पैशानें बांधलेले अथवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य गणलेल्या वर्गांस खुले असावे, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं संमत केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ त चवदार तळें खुलें केलें. पण तें कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर व परिषदेस आलेले प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां कोठें ठरावास अर्थ आला. त्याच दिवशीं प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव रद्द केला. डिसेंबरांत दिवाणी दावा होऊन तात्पुरता मनाईहुकूम निघाला. २५ डिसेंबरास परिषद पुन्हां भरली, तींत डॉ. आंबेडकरांनीं १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. तथापि हजारों लोक जमले असतांही मनाईहुकूम मोडावयाचा नाहीं, असेंच शेवटीं ठरलें.

दाव्याचा मुख्य मुद्दा आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. अस्पृश्यांस मज्जाव करण्याची वहिवाट अनादि आहे, असें वादींचें म्हणणें होतें. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल दिला कीं, अशी अनादि वहिवाट शाबीत झालेली नाहीं. रूढि जुनी आहे असें म्हणणें निराळें, आणि पुराव्यानें तिचें अनादित्व ठरविणें निराळें. हा भेद इतिहाससंशोधकांस नवीन नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, आमच्या गोतसभा ही लोकसत्ताच नव्हती काय? महजरांवर पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्या निशाण्या आढळतात, त्यांत महारांच्याही असतात. गांवच्या शिवेच्या तंट्यांत तर महाराची साक्ष मोलाची मानीत. गोतसभेचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु तेथील स्थान वतनामुळें, म्हणजे जन्मामुळें मिळे. ज्याच्या साक्षीवर गांवची शीव ठरे, त्यास त्याच गांवच्या सामाईक पाणवठ्यावर जातां येत नसे. सभा होती, संमति होती, समता नव्हती.

महाडचा धडा याच्याही पुढें जातो. नगरपालिकेनें मतें घेऊन ठराव केला आणि मतें घेऊनच तो मोडला. तेव्हां बहुमत म्हणजेच लोकसत्ता हा समज अपुरा ठरतो. बहुमतासही मोडतां येणार नाहींत असे कांहीं हक्क लेखनिविष्ट असावे लागतात, ते वापरण्यास माणसें सिद्ध असावीं लागतात, व सभेच्या चुकीवर न्यायासन असावें लागतें. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत सार्वजनिक विहिरी, तळीं व स्नानाचे घाट यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणांत तळें कां यावें, हें महाडचा वृत्तांत जाणणाऱ्यास सांगावें लागत नाहीं.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. सनदा व महजर आपण रेशमी रुमालांत बांधून ठेवतों. नगरपालिकांचीं ठरावबुकें, परिषदांचीं हस्तपत्रकें व दाव्यांच्या नकला मात्र रद्दींत जातात. कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. जुन्या नांवाचे शिक्के असलेले असे कागद ज्यांचे घरीं असतील, त्यांनीं तेही त्याच रुमालांत ठेवावे. राजा कसा राज्य करी हें सनदा सांगतात. प्रजा राज्य करावयास कशी शिकली, हें या कागदांवांचून कळणार नाहीं.