पुस्तकांच्या पेट्या आणि बडोद्याचं वाचनालय

आज बडोद्याला जाऊया. गोष्ट वाचनालयांची आहे, पण खरा प्रश्न पैशांचा आहे: पुस्तकं फुकट द्यायची, तर खर्च कुणी करायचा?

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. शेतकरी घरातला हा गोपाळ 1875 मध्ये, 12व्या वर्षी, दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. पुढे याच राजाने संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. सुरुवात 1893 मध्ये अमरेली भागात, आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात.

आता अडचण बघा. पोरगं चार इयत्ता शिकलं, शाळा सुटली, आणि घरात वाचायला एक कागद नाही. मग शिकलेली अक्षरं किती दिवस टिकणार? म्हणजे शाळेच्या मागोमाग वाचनालय हवंच.

अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथली मोफत वाचनालयं पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी तिथल्याच विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. राजवाड्यातल्या स्वतःच्या संग्रहातली सुमारे 20,000 पुस्तकं दिली आणि शहरात मध्यवर्ती वाचनालय उभं राहिलं. बॉर्डन साहेबांनी 1911 मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्गही काढला. पुस्तकं आणली, पण ती सांभाळणारी माणसं नकोत का?

आणि खेड्यांचं काय? तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. एक पेटी वाचून झाली की ती परत, मग दुसरी. गावाला स्वतःचं वाचनालय हवं असेल तर हिशोब सरळ होता: एक तृतीयांश रक्कम गावाने जमवायची, तेवढीच प्रांत पंचायत देणार आणि तेवढीच सरकार. मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. राजाने नुसतं दान केलं असतं, तर राजाबरोबर कामही संपलं असतं. इथे गावाचा पैसा लागला, त्यामुळे वाचनालय गावाचं झालं.

आपल्याकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालय कर नाही. त्यामुळे गल्लीतलं वाचनालय वर्गणी आणि सरकारी अनुदान यांवरच चालतं. अनुदान रखडलं की पहिली कात्री नव्या पुस्तकांना आणि ग्रंथपालाच्या पगाराला.

तुमच्या भागातल्या वाचनालयाची वर्गणी किती आहे, माहितीये? या आठवड्यात जाऊन विचारा. जमलं तर भरूनच या.

भेटू पुढच्या भागात!