बटाट्यात शक्तीचं कोडं शोधणाऱ्या कमलाबाई

गटाच्या बैठकीत आपण पैशाचा हिशोब करतो. आज भाकरीचा हिशोब करू, आणि तो समजून घेण्यात वाटा उचलणाऱ्या आपल्या एका मराठी बाईची गोष्ट ऐकू.

भाकरी पोटात पचते, तिची साखर होते आणि रक्तातून अंगभर पोचते. आपलं शरीर अतिशय बारीक पेशींचं बनलेलं आहे. पेशीत साखरेच्या एका कणाचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्याला पायरुविक आम्ल म्हणतात. इथवर शक्ती थोडीच मिळते. पुढे हवा मिळाली नाही, तर यीस्ट या आम्लाचं मद्य करतं. आपल्या नाशिकच्या द्राक्षांची वाइन होते ती अशीच. हवा मिळाली, तर हे आम्ल पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या छोट्या भट्टीत पूर्ण मोडतं. त्यातला कार्बन वायू होऊन आपल्या श्वासावाटे बाहेर पडतो. ही फेरी हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली इंग्लंडमध्ये मांडली. पुढे १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं.

आम्ल मोडताना इलेक्ट्रॉन नावाचे कण सुटतात. विहिरीवरून घागरी हातोहात द्याव्यात, तसे ते प्राणवायूपर्यंत पोचवले जातात. खरी शक्ती इथेच तयार होते. या रांगेत हात लावणारा एक पदार्थ म्हणजे सायटोक्रोम सी. आपल्या गोष्टीतल्या कमलाबाईंनी काम केलं ते त्याच्यावर.

कमला भागवत, लग्नानंतर कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्रात पहिल्या येऊन त्यांनी बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. थेट त्यांच्यासमोर जाऊन कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण एक वर्ष परीक्षा म्हणून, अटी घालून. वर्षभराचं काम पाहून रामन यांचं समाधान झालं आणि पुढे इतर मुलींनाही त्या संस्थेचं दार उघडलं.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे बटाटा आणि बाई, दोघांच्या पेशी शक्ती काढतात ती एकाच रीतीने! १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. परत आल्यावर डाळी, तांदूळ, नीरा अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन केलं. नीरेच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालकही झाल्या.

यातून आपण काय घ्यायचं? पायरुविक आम्ल भट्टीत मोडायला ब-१ जीवनसत्त्व लागतं. तांदूळ फार पॉलिश केला की ते कोंड्याबरोबर जातं. म्हणून हातसडीचा तांदूळ, बाजरी, डाळी ताटात ठेवा. सायटोक्रोममध्ये लोह असतं, आणि प्राणवायू वाहून आणणाऱ्या रक्तातही लोहच असतं. सारखा थकवा येत असेल तर अंगावर काढू नका. आशाताईंना सांगा, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि घरातली मुलगी विज्ञान शाखा मागत असेल, तर तिला नकार देणारे पहिले आपण नको.