तेरचें वस्तुसंग्रहालय

सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी ओलांडून पूर्वेस गेलें म्हणजे तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव लागतें. गोरोबाकाकांचें गांव म्हणून तें वारकऱ्यांस ठाऊक आहे. परंतु त्याचें प्राचीन नांव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचा ग्रंथ लिहिला. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जातें, असें त्यांत सांगितलें आहे.

पुढें शहर लोपलें, नांव तेवढें उरलें. कोंकणांत व कोल्हापुराकडे राज्य करणारे शिलाहार स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. परमुलखांत वसलेल्या घराण्यानें मूळ गांवाचा अभिमान बाळगावा, तशांतलाच हा प्रकार. मात्र हें तगर कोणतें, यावर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्च केली. भगवानलाल इंद्रजी जुन्नरकडे बोट दाखवीत, डॉ. भांडारकर धारूरकडे. १९०१ सालीं फ्लीटसाहेबांनीं तेरच्या बाजूनें कौल दिला आणि तोच मान्य झाला.

पण नांव ठरल्यानें वस्तु वांचत नाहींत. पावसानें पांढरीची माती वाहून गेली कीं मणी, नाणीं, मातीच्या मूर्ति उघड्या पडत. कोणीं उचलून न ठेवल्यास त्या पुन्हां चिखलांत जात. उचलून ठेवण्याचें हें काम गांवांतीलच एक व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं केलें. त्यांचा हजारों वस्तूंचा संग्रह पुढें सरकारकडे आला. आज त्यांच्याच नांवाचें शासकीय संग्रहालय तेरमध्यें आहे.

या संग्रहांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति वितीएवढीहि नाहीं. तिच्याशीं पुष्कळ साम्य असलेली मूर्ति १९३८ सालीं इटलींत पाँपेई येथें सांपडली. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. अर्थात् भारतीय हस्तिदंतकाम तत्पूर्वींच तेथें पोंचलें होतें.

वरवर वेंचलेल्या वस्तूंत एक उणीव राहतेच: ती कोणत्या थरांतली, हें सांगतां येत नाहीं. तें काम पद्धतशीर उत्खननाचें, आणि तेरला तें मागाहून झालें. तरीहि, थर कळावा म्हणून वस्तु मातींतच राहूं द्यायला हवी होती, असें म्हणणाऱ्यानें एक पावसाळा तेरला काढून पाहावा. संग्रह पुण्या-मुंबईस न जातां गांवांतच राहिला, हें मला विशेष वाटतें. मणी व मूर्ति पाहिल्यावर त्याच गांवांत त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ पाहतां येतें. त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे, आणि मुळांत तें बौद्ध चैत्यगृह असावें, असें अनेक विद्वान् मानतात.