आनंदीबाईंची अमेरिकेतली मावशी

नववीत इतिहासाच्या तासाला आपल्या बाईंनी फळ्यावर दोन नावं लिहिली होती: आनंदी आणि गोपाळ. परीक्षेत त्यावर एक गुणाचा प्रश्न आला, तो आपण सगळ्यांनी मिळवला आणि विषय संपला. तिसरं नाव मला कळलं ते पंचवीसेक वर्षांनी, ऑफिसच्या कामासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला गेले तेव्हा. हडसन नदीकाठचं हे गाव आम्हा मेनफ्रेमवाल्यांच्या चांगल्या परिचयाचं. तिथल्या दफनभूमीत, एका अमेरिकन कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा दगड आहे. पुण्यात वारलेल्या बाईंचा दगड इतक्या दूर कसा?

त्याचं उत्तर म्हणजे थिओडिशिया कार्पेंटर. बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असं विचारणारं पत्र गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना लिहिलं होतं. वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापलं, सोबत धर्मांतराचा सल्लाही दिला. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना कार्पेंटरबाईंच्या हाती ते मासिक पडलं. एरवी अशा ठिकाणी आपण मासिक चाळतो आणि ठेवून देतो. या बाईंनी घरी जाऊन पत्र लिहिलं. हे १८८० साल; आनंदीबाई पंधरा वर्षांच्या. पुढे तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. एकमेकींना न पाहताच आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. नवरा बरोबर नाही, वय अठरा. जायच्या आधी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. मावशी बंदरावर घ्यायला आल्या आणि त्यांना न्यू जर्सीतल्या रोझेल गावी आपल्या घरी घेऊन गेल्या.

माझं मन या उन्हाळ्यात अडकलंय. पदवी, समारंभ वगैरे पुस्तकांत सापडतं. पण परक्या घरातली पहिली सकाळ कशी गेली असेल? घरात मांसाहार चालतो, पाहुणी शाकाहारी. पाहुणीने चुलीचा ताबा घेतला आणि एकदा आपल्या पद्धतीचं जेवण करून घरच्यांना वाढलंसुद्धा. नऊवारीत पाय उघडे पडायचे म्हणून पुढे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. कुंकू मात्र राहिलं. गोपाळराव पत्रांतून टोमणे मारत होते, त्यांना इथून उत्तरं जात होती. (गोपाळरावांबद्दल माझं मत बाईंच्या तासाला होतं तितकं चांगलं राहिलेलं नाही, पण तो वेगळा लेख होईल.)

पेनसिल्व्हानियातलं महिलांचं मेडिकल कॉलेज सुरू झाल्यावर त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि घर म्हणजे काय ते तिथे कळलं. खोलीतली शेकोटी धड नव्हती. पेटवली तर धूर, विझवली तर गारठा. स्वयंपाक स्वतःच करायचा, वर अभ्यास. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी पुष्कळ सांभाळलं, तरी तब्येत खालावत गेली. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, इंग्लंडहून पंडिता रमाबाईही आल्या होत्या. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. गोपाळरावांनी अस्थी मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या.

त्या दगडापुढे मी दहा मिनिटं उभी होते. फुलं न्यायचं सुचलंच नव्हतं.

हे आत्ता लिहायचं कारण घरातलंच आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि या सप्टेंबरात शाळेच्या एका वर्षासाठी जर्मनीला एका कुटुंबात राहायला चालली आहे. "त्या बाईंना मी काय म्हणू?" हा तिचा पहिला प्रश्न. मी मावशीची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "आई, तिकडे नावानेच हाक मारतात." गेल्या आठवड्यात त्या बाईंची ईमेल आली: मुलगी काय खाते, थंडी सोसते का, एकटं झोपायची सवय आहे का. मी रात्री बसून दोन पानी उत्तर लिहिलं. सकाळी पुन्हा वाचलं, त्यातल्या अर्ध्याहून जास्त सूचना काढून टाकल्या आणि पाठवून दिलं.