मोडी वाचणाऱ्याचा पगार कोण देतं?

मोडी शिकतेय असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "खरंच वाचता येते का?" आणि दुसरा, "याचे काही पैसे मिळतात का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. येते, पण रांगत रांगत. दुसऱ्याचं उत्तर शोधता शोधता मी पार इनाम कमिशनपर्यंत जाऊन पोचले. या शनिवारी त्याबद्दलच लिहितेय. जरा लांबलंय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या कुतूहलाचा नाही बरं का. वय तिशीच्या उंबरठ्यावर, हातात इंजिनीअरिंगची पदवी, नोकरी बरी चाललेली. आणि गेलं वर्षभर मी रोज रात्री 'डिजिटल ह्युमॅनिटीज' नावाखालच्या जाहिराती वाचतेय. नाव भारदस्त आहे, पण काम समजायला सोपं आहे. जुनी पत्रं, पोथ्या, वह्या संगणकाला वाचता येतील अशा रूपात आणायच्या आणि मग त्यांना नवे प्रश्न विचारायचे. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठानं हे फार आधी सुरू केलं. रवींद्रनाथ ठाकुरांच्या हस्तलिखितांचा 'बिचित्रा' हा प्रकल्प त्यांनी २०१३ मध्ये लोकांसाठी खुला केला. आयआयटी जोधपूरमध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. नेटमधून जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७,००० रुपये आणि पुढे सीनियर झाल्यावर ४२,०००, सगळी मिळून पाच वर्षं. त्याशिवाय 'प्रकल्प सहायक, सहा महिने, कामगिरी पाहून मुदतवाढ' अशा जाहिराती असतातच.

घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, "आणि सातव्या महिन्यात काय?"

आईच्या या प्रश्नाला मराठी इतिहास-संशोधनाच्या दीडशे वर्षांत कुणीच नीट उत्तर दिलेलं नाही.

आपल्याकडच्या पहिल्या पिढीकडेच बघा. १८७८ मध्ये 'काव्येतिहास संग्रह' हे मासिक सुरू झालं आणि बखरी, जुनी पत्रं छापली जाऊ लागली. ते चालवणारे काशिनाथ नारायण साने शिक्षण खात्यात नोकरीला होते. पटवर्धनांचं दप्तर वर्षानुवर्षं वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढणारे वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवायचे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ ते १९२५ बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते. रियासतीचे खंड त्यांनी ही नोकरी सांभाळून लिहायला घेतले. म्हणजे हे सगळे आपल्यासारखेच वीकेंडवाले! वि. का. राजवाडे तेवढे वेगळे. त्यांनी नोकरी लवकरच सोडली, गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले. पण त्यांच्या वाट्याला आलेलं दारिद्र्यही सगळ्यांना ठाऊक आहे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेही वर्गणी, देणग्या आणि हौशी माणसं यांच्याच जिवावर.

मग जुने कागद वाचायला पगार कुणीच देत नव्हतं का? देत होतं की! आणि भरपूर माणसांना देत होतं. फक्त कारण इतिहास हे नव्हतं. कारण होतं जमीन.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचं दप्तर कंपनीच्या ताब्यात आलं. सारा कोणाकडून किती घ्यायचा, इनाम खरं कोणाचं आणि खोटं कोणाचं, हे त्या कागदांशिवाय कळणारच नव्हतं. १८४३ पासून दक्षिणेतल्या इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले. हजारो कुटुंबांना सांगण्यात आलं, की सनद दाखवा, नाहीतर जमिनीवर सारा भरा. मग एका बाजूला लोक घरातल्या पेट्या उपसायला लागले आणि दुसऱ्या बाजूला सरकारी कारकून दप्तरातले रुमाल सोडून मोडी वाचायला बसले. (रुमाल म्हणजे कागदांचा कपड्यात बांधलेला गठ्ठा. अजूनही हाच शब्द वापरतात.) आज पुण्याच्या पुराभिलेखागारात जे पेशवे दप्तर आपण बघतो, ते गोळा होण्यात आणि लावलं जाण्यात या महसुली कामाचा वाटा मोठा आहे. त्या कचेरीचं नावच मुळी 'एलियनेशन ऑफिस' होतं. इनामी, म्हणजे साऱ्यातून सुटलेल्या जमिनींचं ऑफिस!

हे दप्तर अभ्यासकांना मात्र सहजासहजी बघायला मिळत नसे. साहजिकच आहे, एकेका कागदावर कुणाचा ना कुणाचा दावा उभा राहू शकत होता. शेवटी १९२९ मध्ये मुंबई सरकारनं निवृत्त सरदेसायांना बोलावलं. हाताखाली मोडी वाचणारे मदतनीस दिले. साधारण ३५ हजार रुमालांचा तो डोंगर. त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापून झाले. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक जबरदस्त रिलीज होता. पण रिलीज झाल्यावर टीम मोडली. योजना संपली, पगार संपले आणि उरलेले रुमाल पुन्हा बांधून ठेवले गेले. मुखपृष्ठावर संपादक म्हणून नाव एकाचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओळ न् ओळ लावणाऱ्या मदतनिसांची नावं आज किती जणांना सांगता येतील?

आता जरा आमच्या कामोठ्याकडे या. मी राहते त्या बिल्डिंगच्या जागी दोन पिढ्यांपूर्वी शेत होतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेण्यात आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. आता मूळ मालक कोण, त्याचे वारस किती, वाटणी कधी झाली, हे ठरणार सातबारा आणि फेरफारावरून. आमच्याकडे 'साडेबारा टक्के' हा शब्द भाजीवाल्यालाही माहीत आहे. जुना कागद म्हणजे प्लॉट, आणि प्लॉट म्हणजे काय ते पनवेलकरांना वेगळं सांगायला नको :)

महसुलाच्या जुन्या नोंदींचं स्कॅनिंग महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झालंय. पण स्कॅन म्हणजे फोटो. फोटोत शोधता येत नाही. पान जेवढं जुनं, तेवढी ते मोडीत असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे माणूसच लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यासाठी, मग साऱ्या राज्यासाठी. काम होतं कुणबी नोंदी शोधायचं. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, तो विषय वेगळा आणि मोठा. पण अभिलेखांच्या बाजूनं बघितलं तर ही केवढी मोठी घटना होती! कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, हक्क नोंदींची पत्रकं, सगळं कपाटांतून बाहेर आलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी जाणणाऱ्यांना बोलावणी गेली. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत ५४ लाखांच्या आसपास नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. जी लिपी शाळांतून जाऊन सत्तर वर्षं होत आली, ती जाणणारा माणूस एकाएकी तहसील कचेरीत महत्त्वाचा झाला.

इनाम कमिशन, साडेबारा टक्के, कुणबी नोंदी. तीन वेगळ्या गोष्टी, पण साचा तोच. आपल्याकडे जुना कागद वाचायचे पैसे तेव्हाच निघतात, जेव्हा त्यावर कुणाचातरी हक्क अवलंबून असतो. यात वाईट काही नाही. उलट मला हे फार खरं वाटतं. ज्याचा हक्क त्या कागदात आहे, त्याला इतिहास हा छंद नसतो.

खटकतं ते पुढचं. अशा शोधात पान वाचलं जातं ते एका शब्दासाठी किंवा एका नावासाठी. सापडलं तर नोंद, नाही तर पान पलटलं. पण त्याच पानावर साथीनं गेलेल्या मुलांची नावं असतात, मोडलेल्या गावांची नावं असतात, देवीच्या, पटकीच्या नोंदी असतात. वाचणाऱ्यानं ते सगळं डोळ्यांखालून घातलेलं असतं आणि ते त्याच्याबरोबरच घरी जातं. डेटाबेसवाल्यांना लगेच कळेल. आपण अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चाळलं, एक उत्तर काढलं आणि इंडेक्स न बनवताच मशीन बंद केलं. पुढच्या प्रश्नाला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात.

बाहेरही फार वेगळं नव्हतं हं. डिजिटल ह्युमॅनिटीजचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते इटलीतले पाद्री रोबेर्तो बुसा १९४९ मध्ये आयबीएमच्या वॉटसनना भेटले आणि थॉमस अक्वायनसच्या ग्रंथांची शब्दसूची करायला निघाले. छापून झाली तेव्हा ती ५६ खंडांची झाली. पण लाखो शब्द पंचकार्डांवर उतरवले ते तरुण मुलींनी. त्या कोण होत्या हे शोधायला मेलिसा टेरास आणि जुलियान नायहन या अभ्यासकांना जुन्या फोटोंपासून सुरुवात करावी लागली.

"आता एआय आहे, वाचेल की मोडी," असं ऑफिसात मला कायम ऐकवलं जातं. वाचेलही. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या गटानं मोडीचं देवनागरी करणारं मॉडेल आणलं. त्याच्या मागे दोन हजारांहून थोड्या जास्त पानांच्या प्रतिमा आहेत, प्रत्येकीसमोर तिचं देवनागरी रूप. ते रूप बरोबर आहे की नाही, हे सांगायला मोडी येणारं माणूसच लागतं. मोडीत आधी ओळभर रेघ मारतात आणि मग अक्षरं लटकवतात. शब्द कुठे तुटतो ते दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, आणि चिटणिसी वळणावर हात बसलेला माणूस बिवलकरी समोर आली की अडखळतो. मशीनही अडखळणारच. म्हणजे मशीन आलं तरी वाचणाऱ्याची गरज संपत नाही. ती उलट आधी लागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. फेलोशिपा वाढाव्यात, जरूर वाढाव्यात. पण त्यांची वाट बघत बसण्याऐवजी, जिथे आज पैसा खरोखर खर्च होतोय, त्या कामातच थोडी भर घालता येईल. दाव्यासाठी कुणी रुमाल किंवा रजिस्टर उघडलं, की प्रत्येक पानामागे एक ओळ लिहायची सक्ती हवी. गाव, साल, कागदाचा प्रकार, हात कुठल्या वळणाचा, आणि वाचणाऱ्याचं नाव. पाच रकाने. साधी स्प्रेडशीट चालेल, त्याला सर्व्हरही लागत नाही. आणि त्या ओळीचे पैसे वेगळे द्यायचे. मग दहा वर्षांनी ज्याला पनवेल तालुक्यातल्या साथींचा अभ्यास करायचाय, त्याला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि वाचणाऱ्याच्या हातात 'सहा महिन्यांचा अनुभव' याऐवजी स्वतःच्या नावावरचं काम राहील.

माझ्यापुरतं म्हणाल तर नोकरी सध्या सोडत नाही. सान्यांनी, खऱ्यांनी सोडली नव्हती, मी कोण? मानसरोवरहून हार्बर लाइननं सीएसएमटी, तिथून चालत काळा घोडा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार. रजा टाकून जायचं आणि दिवसाला जमतील तेवढी पानं लावायची, हे चालू आहे. पाच रकान्यांची माझी शीट मी सुरू केलीय. काल रात्रीपर्यंत २१४ ओळी झाल्या. तुमच्यापैकी कुणाला मोडी येत असेल, किंवा घरात आजोबांच्या पेटीत असा एखादा गठ्ठा पडून असेल, तर जरूर कळवा. रद्दीत देऊ नका, एवढीच विनंती.