बोअर की स्ट्रोक? शेव्हरोलेच्या एका इंजिनाचा इतिहास

१९६६ साली अमेरिकेत ट्रान्स-अ‍ॅम ही मोटारशर्यतींची मालिका सुरू झाली. तिच्या नियमानुसार इंजिन ५ लिटरपेक्षा, म्हणजे सुमारे ३०५ घनइंचांपेक्षा, मोठे चालत नसे. फोर्डची मस्टँग मैदानात उतरली होती. शेव्हरोलेची कॅमेरो नुकतीच बाजारात येत होती आणि कंपनीजवळ इंजिने होती २८३ व ३२७ घनइंचांची. पहिले लहान पडत होते; दुसरे नियमाबाहेर जात होते.

इंजिनाचे आकारमान दोन मापांवर ठरते. सिलिंडरचा आतील व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टन एका दिशेने जेवढे अंतर कापतो तो स्ट्रोक. (विंधन विहिरींमुळे 'बोअर' हा शब्द आपल्याकडे गावोगावी पोचला आहे, येथे तो लोखंडात घेतला जातो, एवढाच फरक.) बोअर वाढवायचा तर सिलिंडर कोरावा लागतो, स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकशाफ्ट बदलावा लागतो. क्रँक पुन्हा बदलता येतो. कोरून काढलेले लोखंड मात्र परत येत नाही.

शेव्हरोलेला याचा अनुभव होता. १९५५च्या २६५ घनइंची इंजिनाचा बोअर ३.७५ इंच आणि स्ट्रोक ३ इंच होता. १९५७ साली बोअर अवघा १/८ इंच वाढवून २८३ घनइंच साधले गेले. परंतु आरंभीच्या जुन्या ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या भिंती फार पातळ झाल्या आणि ओतकामच बदलावे लागले. १९६२च्या ३२७मध्ये बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.२५ इंच झाला. या साऱ्या काळात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांतील अंतर ४.४ इंचच राहिले. चार इंचांच्या बोअरनंतर मध्ये जेमतेम १० मिलिमीटर उरतात आणि त्यातच दोन भिंती व पाण्याची वाट बसवायची असते.

अभियंता व्हिन्स पिगिन्स यांनी सुचवलेला तोडगा कंपनीच्या कोठारातच होता: ३२७चा ब्लॉक आणि २८३चा क्रँक. चार इंच बोअर, तीन इंच स्ट्रोक, एकूण ३०२ घनइंच. रुंद बोअरमुळे मोठ्या व्हॉल्व्हना जागा मिळाली. आखूड स्ट्रोकमुळे मिनिटाला ७००० फेऱ्यांनाही पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.८ मीटरच राहिला, ३.४८ इंचांच्या स्ट्रोकला तो २०.६ भरला असता. या निवडीला पुढे तांत्रिक द्रष्टेपणाचे श्रेय मिळाले. खरे तर नियमावलीतला एक आकडा आणि हाताशी असलेले दोन सुटे भाग यांनीच ती ठरवली होती.

१९६७ साली या इंजिनाच्या ६०२ झेड/२८ कॅमेरो तयार झाल्या. जाहीर शक्ती २९० अश्वशक्ती होती, जी फारसे कोणी खरी मानत नसे. शहरातल्या संथ रहदारीत हे इंजिन कुरकुरत असे. त्याचा जीव वरच्या फेऱ्यांत होता. १९६८ आणि १९६९ अशी सलग दोन विजेतेपदे मार्क डोनोह्यू यांच्या कॅमेरोने मिळवली.

रस्त्यावर मात्र कौल उलटा पडला. १९७० साली ४०० घनइंचांचे इंजिन आले: बोअर ४.१२५, स्ट्रोक ३.७५. सिलिंडर आता एकमेकांना चिकटले आणि त्यांच्यामधून पाणी जाण्यास वाट उरली नाही. बोअरची वाट येथेच संपल्यासारखी होती. गॅरेजवाल्यांनी मग ४००चा क्रँक काढला, त्याचे मुख्य जर्नल २.६५ इंचांवरून २.४५पर्यंत घासले आणि तो ३५०च्या ब्लॉकमध्ये बसवला. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट अडतात तेथे ब्लॉक थोडा घासला. बोअर केवळ ०.०३ इंचाने वाढवला, म्हणजे जुन्या सिलिंडरची झीज निघण्यापुरताच. बेरीज झाली ३८३ घनइंच. सिग्नलवरून सुटताना लागणारा जोर कमी फेऱ्यांतच मिळू लागला आणि तेथे ३०५ची मर्यादा घालणारे कोणी नव्हते.

पुढे जनरल मोटर्सनेच ३८३ घनइंचांचे तयार इंजिन विक्रीस ठेवले.