कार्यमूल्यमापन अहवाल

कार्यमूल्यमापन अहवाल (पूर्वीचे प्रचलित नाव: गोपनीय अहवाल) हा शासकीय अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या वर्षभरातील कामाचा लेखी आढावा होय. महाराष्ट्रात सेलू (जि. वर्धा) येथील तहसील कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत तो लिहिला जातो. प्रतिवेदन अधिकारी अभिप्राय नोंदवितो व पुनर्विलोकन अधिकारी तो तपासतो. पदोन्नतीच्या वेळी हे अहवाल विचारात घेतले जातात.

पूर्वी सामान्यतः केवळ प्रतिकूल शेरे कळविले जात. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त यांना पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक होता; मात्र एका वर्षाचा ‘चांगला’ हा शेरा त्यांना कळविलाच गेला नव्हता. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, लष्करी सेवा वगळता, प्रत्येक शेरा कळविणे बंधनकारक ठरविले. त्यामुळे उणीव जाणून घेण्याची, वरिष्ठांकडे बाजू मांडण्याची व कामात सुधारणा करण्याची संधी कर्मचाऱ्यास मिळते.